खरखरींतला सूर

गेल्या आषाढांतील एका रविवारीं माझा भाचा माझ्याकडे आला, तो हातांत एक चुरगळलेला कागद घेऊनच. कागदावर पांचसहा इंग्रजी नांवें लिहिलेलीं होतीं. "मामा, यांतलें कोणतें पेडल घ्यावें तें तुम्ही वाचून सांगा. आवाज फाटला पाहिजे, पण सूर फाटतां कामा नये." एवढें बोलून त्यानें चहाचा कप तोंडास लावला आणि मी विचारांत पडलों.

माझा भाचा डिलाईल रोडवरील एका बँजो-पार्टींत बँजो वाजवितो. 'पेडल' म्हणजे पायाखालीं ठेवावयाची एक लहानशी पत्र्याची डबी. वाद्यांतून निघालेला विजेचा प्रवाह तिच्यांतून गेला कीं तारेचा गोड पण दुबळा आवाज दाट, खरखरीत आणि लांबणारा होतो. गिटार वाजविणारे या परिणामास 'फझ' म्हणतात. मी महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. विद्युच्छास्त्राशीं माझा परिचय घरांतला दिवा गेला असतां फ्यूज बदलण्यापुरता. परंतु 'आवाज फाटावा, सूर फाटूं नये' या वाक्यानें माझी पाठ कांहीं केल्या सोडली नाहीं. वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं, त्या मुलाच्या अडचणींत नागोया, नॅशव्हिल आणि मिरज अशा तीन दूरदूरच्या गांवांचा इतिहास गुंतलेला आहे. आणि थोडासा आमच्या घराचाही.

डिलाईल रोड हें नांव आतां सरकारी पाटीवर नाहीं. कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी यांच्या नांवानें तो रस्ता ओळखला जातो. तथापि लोअर परळ स्टेशनाबाहेर 'ना. म. जोशी मार्ग' म्हटलें तर टॅक्सीवाला क्षणभर थबकतो, आणि 'डिलाईल रोड' म्हटलें कीं मीटर टाकतो. याच रस्त्यावर मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटानें १९२० नंतरच्या दशकांत बत्तीस चाळी उठविल्या. त्यांतील एकशें साठ चौरस फुटांच्या एका खोलींत माझा जन्म झाला. आज त्या चाळींचा पुनर्विकास चालूं आहे; पण त्या कहाणीस येथें जागा नाहीं.

वडील गिरणींत सांचेखात्यांत होते. कापडाचे सांचे एका छपराखालीं शेंकड्यांनीं चालत असतां जो कल्लोळ होतो, त्यांत माणसाचा शब्द शेजारच्या माणसास पोंचत नाहीं. तेथील लोक ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांनीं बोलत. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, आणि वडील घरीं बसले ते कायमचेच. तोंवर त्यांचे कान सांच्यांनीं खाल्ले होते. गोंगाटानें बहिरेपण येतें तें एकदम येत नाहीं. सेकंदाला चार हजार आंदोलनांच्या आसपासचे उंच ध्वनि प्रथम जातात, आणि त्यांच्यासवें 'स', 'श', 'त', 'क' या व्यंजनांची धार जाते. माणूस बोलतो आहे हें समजतें. काय बोलतो आहे तें समजत नाहीं. आई ओरडून बोले, वडील "काय?" म्हणत. परंतु गणपतींत खालून मिरवणूक जाऊं लागली कीं हाच मनुष्य गॅलरींत उभा राहून बँजोवर वाजणारी चाल बरोबर ओळखी. त्या वेळीं मला याचें मोठें नवल वाटे, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागही येई. कारण आमचें बोलणें त्यांस ऐकूं येत नसे.

गिरणगांवास मोठ्या आवाजाचें वावडें कधींच नव्हतें. दिवस उगवे तो भोंग्यानें. गणेश गल्लीचा सार्वजनिक उत्सव १९२८ पासूनचा, लालबागचा १९३४ पासूनचा. भजनी मंडळें तर चाळीचाळींतून होतीं. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक उभारलें. अमर शेखांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकास कसा पोंचे, याचें वर्णन जुन्या माणसांनीं आम्हांस कितीदां तरी ऐकविलें आहे. ते मोठ्यानें गात एवढेंच त्यांत नव्हतें. शब्द न् शब्द कळे, हें त्या वर्णनांत हटकून येई. मोठेपणा आणि स्पष्टपणा हे दोन गुण वेगळे आहेत, आणि एकाच्या मागें धांवतांना दुसरा निसटतो, हें त्या मंडळींस ठाऊक होतें.

बँजो तेथें आला तो मात्र फार लांबून. अमेरिकेंत ज्यास बँजो म्हणतात तें कातडें ताणलेलें, मूळ आफ्रिकेशीं नातें सांगणारें वाद्य. आमच्या बँजोचा त्याच्याशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता नांवाच्या गृहस्थानें १९१२ सालीं, म्हणजे तैशो बादशहाच्या कारकीर्दीच्या पहिल्याच वर्षीं, एक लहान वाद्य बनविलें. लांबट लांकडी पेटीवर तारा, आणि त्या तारा दाबण्यासाठीं बोटांऐवजीं टंकयंत्राच्या पट्ट्यांसारख्या बटणांची ओळ. डाव्या हातानें बटण दाबावयाचें, उजव्या हातांतील नखीनें तार छेडावयाची. बादशहाच्या नांवावरून त्यास 'तैशोगोतो' म्हणूं लागले. वर्षानुवर्षांची तालीम नको, सुराची जागा शोधावयास नको; बटण दाबलें कीं सूर हजर. गरीब मनुष्याला हें केवढें मोठें दान आहे हें ज्यांनीं लहानपणीं सारंगीशीं किंवा व्हायोलिनशीं झुंज घेतली असेल त्यांसच कळेल. जहाजांवरून हें वाद्य जगभर गेलें. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तें पोंचलें, बलुचिस्तानांत 'बेंजू' झालें, हिंदुस्थानांत 'बुलबुल तरंग' झालें. आणि मुंबईच्या गल्ल्यांत त्यास कोणी बँजो म्हटलें तें नांव कायम चिकटलें. रवि जाधव यांनीं २०१६ सालीं याच वाद्याच्या नांवाचा एक हिंदी चित्रपटही काढला.

परंतु बुलबुल तरंगाचा मूळ आवाज एवढासा. ढोल-ताशाच्या शेजारीं त्याची गत दिंडींत हरवलेल्या पोरासारखी व्हावयाची. म्हणून त्याच्या तारांखालीं चुंबक व तारेचें वेटोळें बसविलें गेलें, तारेच्या कंपनांचा विजेचा प्रवाह झाला, आणि तो ध्वनिवर्धकांतून वाढवून कर्ण्यांतून बाहेर सोडला गेला. एक अडचण मात्र उरली. छेडलेली तार क्षणांत विझते. आरती, लावणी, चित्रपटगीत, कांहींही वाजवावयाचें तर स्वर धरून ठेवतां आला पाहिजे, सनईसारखा. भाच्यास पेडल हवें होतें तें यासाठीं. तारेस वाऱ्याचें वाद्य व्हावयाचें होतें.

येथें नॅशव्हिलची गोष्ट येते. अमेरिकेंतील या गांवीं मार्टी रॉबिन्स नांवाच्या गायकाचें एक गीत ध्वनिमुद्रित होत होतें. तें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांची बास गिटार वाजवीत असतां ध्वनिमिश्रणाच्या यंत्राचा एक भाग बिघडला, आणि गिटारीचा आवाज फाटून एखाद्या प्रचंड भुंग्यासारखा येऊं लागला. दुसऱ्या कोणी तो तुकडा पुसून टाकला असता. त्यांनीं तो तसाच ठेविला, आणि लोकांस आवडला. तेथील ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यानें मग तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साह्यानें मुद्दाम घडवून आणणारी डबी तयार केली. ती गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं 'माएस्ट्रो फझ-टोन' या नांवानें बाजारांत आणली. गंमत अशी कीं, तिची जाहिरात गिटारीस पितळी वाद्यांचा व सेलोचा भास आणून देणारें साधन म्हणून झाली. म्हणजे माझ्या भाच्याची इच्छा तेथेंही होतीच. आरंभींची खेप दुकानांत पोंचल्यावर ती डबी फारशी कोणी विचारीना. १९६५ सालीं 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज मंडळीच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतांत कीथ रिचर्ड्सनें ती वापरली, तीही पुढें तेथें पितळी वाद्यें घालावयाचीं म्हणून एक कच्चा आराखडा या हेतूनें; पण तो कच्चा आराखडाच जगभर गाजला. त्यापूर्वीं लोकांनीं याहून रानटी उपाय केले होते. लिंक रे यानें १९५८ सालच्या एका तुकड्यासाठीं ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्यास पेन्सिलीनें भोंकें पाडलीं; १९६४ सालीं डेव्ह डेव्हिस यानें तोच पडदा दाढीच्या पात्यानें चिरला. गिरणगांवांत हें मुद्दाम करावें लागत नाहीं. आमच्या मंडळांचे जुने कर्णे पावसानें आणि वयानें आपोआप फाटतात.

फाटणें म्हणजे नेमकें काय होतें? स्वर म्हणजे एक लाट. तिला यंत्राच्या ताकदीपलीकडे वाढविलें कीं तिचे माथे छताला लागून कापले जातात. गोल लाटेची अशी चपटी लाट झाली कीं मूळ स्वरासवें त्याचे तिप्पट, पांचपट आंदोलनांचे उपस्वर जन्मास येतात. कानाला ती खरखर वाटते. शिवाय, मोठी लाट आणि लहान लाट दोन्ही त्याच छतापर्यंत येत असल्यानें विझत चाललेला स्वरही बराच वेळ सारख्याच जोरानें ऐकूं येतो. स्वर धरून ठेवण्याचें रहस्य तें हेंच. येथपर्यंत सारें ठीक. एकच स्वर असेल तर त्याचे सर्व उपस्वर त्याच्याच घरचे असतात.

घोटाळा होतो तो दोन स्वर एकदम आंत शिरले म्हणजे. आपल्याकडे गणितास सोयीचें म्हणून षड्जास सेकंदाला २४० आंदोलनें धरण्याची चाल आहे. त्याचा पंचम ३६०. हे दोन्ही एकाच डबींत फाटले कीं त्यांची वजाबाकी व बेरीजही स्वर म्हणून बाहेर पडतात. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र सप्तकाचा षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकाचा शुद्ध गंधार. कोणी न वाजविलेले दोन पाहुणे आले, पण दोघेही सज्जन! आतां षड्जासवें गंधार घ्या. शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा. वजाबाकी ६०, तीही षड्जच. परंतु पेटीवर, गिटारीवर किंवा बँजोच्या बटणांवर गंधार शुद्ध नसतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले असल्यानें तो ३०२.४ च्या जवळ असतो. वजाबाकी ६२.४. हा स्वर षड्जाच्या कुळांतला नव्हे. तो षड्जाच्या अंगावर घासतो, गुरगुरतो, आणि त्याचे भाऊबंद आणखी निघत जाऊन शेवटीं सूर कोणता आणि गलका कोणता हें कळेनासें होतें. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं आपल्या श्रुतींवर ग्रंथ लिहून पेटीच्या बेसूरपणाकडे लक्ष वेधलें, तेव्हां कित्येकांस तो केंसाएवढ्या फरकाचा वाद वाटला होता. फझच्या डबींत त्या केंसाचा दोरखंड होतो. गिटारवाले षड्ज-पंचमाची जोडी घेऊन खुशाल फाडतात आणि गंधार टाळतात, त्याचें कारण हें. त्यांचा पंचम बटणांवरही जवळजवळ शुद्धच असतो.

ही बेरीज-वजाबाकी करीत बसलों असतां मला एकाएकीं मिरजेची आठवण झाली. तरुणपणीं एका मित्रासवें मी तेथें तंबोरा घ्यावयास गेलों होतों. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें सतारी-तंबोरे बनविण्यास आरंभ केला, आणि गांवाचें नांव हिंदुस्थानभर झालें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. ज्या म्हाताऱ्या कारागिरानें आमचा तंबोरा जुळवून दिला, तो बराच वेळ घोडीच्या पाठीवर कानस फिरवीत, फुंकर मारीत, पुन्हां तार छेडीत बसला होता. मित्र कंटाळून म्हणाला, "आवाज तर येतोच आहे." कारागीर मान वर न करतां म्हणाला, "येतोय. पण अजून बोलत नाहीं."

तंबोऱ्याची घोडी रुंद पाठीची असते. तार तिच्या कडेवर टेकत नाहीं. त्या किंचित् उतरत्या पाठीला हलकेच घासत कांपते, आणि खालीं सरकविलेला सुती दोरा ती घासण्याची जागा नेमकी ठरवितो. त्यांतून जी मधमाश्यांसारखी भिणभिण उठते ती जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या कांहीं तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखविलें कीं, तार ज्या बिंदूंत छेडली असतां नियमाप्रमाणें जे उपस्वर मुळींच निघूं नयेत, तेही या घोडीमुळें ठसठशीत निघतात. म्हणजे जवारी हीसुद्धां लाटेची एक प्रकारची मोडतोडच आहे. तीही फझच, विजेशिवायची आणि शतकांपूर्वींची. मग चार तारा एकदम झंकारत असतां तंबोऱ्याचा चिखल कां होत नाहीं? उलट त्यांतून न छेडलेला स्वयंभू गंधार कसा उमलतो?

याचें उत्तर मला फार उशिरा सुचलें, आणि तें इतकें साधें आहे कीं सुचल्यावर मी स्वतःशींच हंसलों. तंबोऱ्यांत प्रत्येक तार स्वतंत्रपणें घासते. जोडीची जवारी जोडीपुरती, पंचमाची पंचमापुरती. त्या एकमेकींस भेटतात त्या आधींच मोडून, मोकळ्या हवेंत, आणि हवा त्यांची नुसती बेरीज करते, नवे पाहुणे बोलावीत नाहीं. फझच्या डबींत सगळ्या तारा आधीं एकत्र होतात आणि मग एकाच घोडीवर घांसल्या जातात. फरक खरखरीच्या प्रमाणांत नाहीं, क्रमांत आहे. पुन्हां पाहतों तों जपानांतील रोलंड कंपनीनें १९८० च्या सुमारास काढलेल्या जीआर-३०० या गिटार-यंत्रांत हीच युक्ति योजिलेली: प्रत्येक तारेखालीं वेगळा चुंबक, प्रत्येकीची फझ वेगळी. त्या यंत्रानें सहा तारांची पूर्ण संगति फाडली तरी स्वर निराळे राहत. तें यंत्र केव्हांच बंद झालें, आणि भाच्यास परवडण्यासारखें तें कधींच नव्हतें.

आतां कागदावरील नांवांकडे वळलों. त्यांतील एक न्यूयॉर्कच्या 'बिग मफ' या १९६९ च्या सुमारास निघालेल्या प्रख्यात डबीच्या घराण्याचें होतें. तिचा आवाज मखमलीसारखा लांब खरा. पण ती मधल्या पट्टींतील आवाज दाबते, आणि खालीं ढोल व वर ताशा असतां चालीला राहावयास तीच मधली पट्टी काय ती मोकळी! बंद खोलींत जी डबी राजा, ती ट्रॉलीवर मुकी. दुसरें १९७९ सालच्या इबानेझ 'ट्यूब स्क्रीमर'च्या जातीचें. त्यास फझ म्हणणें जाणकारांस मान्य होणार नाहीं. तें कमी फाडतें. परंतु त्याची करामत अशी कीं, तें फाडण्याच्या आधींच खर्ज पातळ करून टाकतें. बेरीज-वजाबाकीचा चिखल मुख्यतः खर्जानें होत असल्यामुळें उरलेला आवाज कितीही तापविला तरी स्वराची कड शाबूत राहते. मीं भाच्यास कळविलें: फझच हवी असेल तर घे, पण तिच्या आधीं खर्ज कापणारें कांहींतरी ठेव, आणि खरखरीची कळ अर्ध्यावर आण, पुढचा कर्णा उरलेलें फाडून देतोच.

त्यानें माझें पत्र वाचण्यापूर्वींच एका दुकानांतून एक डबी आणली होती. दुकानदारानें सगळ्यांत जास्त आवाज फाडणारी म्हणून ती गळ्यांत मारलेली. पहिल्या तालमीस तिच्यांतून जें निघालें, त्याचें वर्णन मंडळाच्या एका कार्यकर्त्यानें "सिमेंटचा मिक्सर" असें केलें. डबी परत घेण्यास दुकानदार तयार नव्हता.

तेव्हां आहे त्या डबीशींच जुळवून घेणें आलें. श्रावणांत मी बहिणीच्या घरीं करी रोडच्या बाजूस गेलों, तेव्हां भाचा बँजो उघडा टाकून बसला होता. बुलबुल तरंगांत सुरावटीच्या तारा एकाच स्वरांत लाविलेल्या असतात, बटण सर्वांना एकदम दाबतें. तेव्हां डबीच्या दृष्टीनें ती एकच तार. खरा उपद्रव होता तो शेजारच्या, बटणांखालीं न येणाऱ्या, सतत गुंजणाऱ्या साथीच्या तारांचा. त्या साऱ्या डबींत शिरून प्रत्येक स्वराशीं भांडत होत्या. भाच्यानें त्या एकेक उतरविल्या. एक षड्जाची तेवढी जीव होईना म्हणून ठेविली. डबीच्या आधीं खर्ज कापला. खरखरीची कळ मागें घेतली. रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावयाचा असा २००० सालचा नियम आहे, आणि घड्याळांत नऊ वाजून गेले होते. म्हणून लहानशा पेटीवजा ध्वनिवर्धकावर, दार लोटून, त्यानें वाजवावयास सुरुवात केली.

वडील आतां पंचाऐंशीच्या पुढें आहेत. कानांतलें यंत्र ते पाहुणे आले म्हणजे काढून ठेवतात. त्यांना तें भांड्यांचा आवाज फार दाखवितें. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. भाचा एक जुनी चाल वाजवीत होता. सूर सनईसारखा लांबत होता, फाटलेला होता, आणि प्रत्येक स्वर वेगळा ओळखूं येत होता. मधेंच गंधारावर डबी गुरगुरली. भाच्यानें तळहात षड्जाच्या तारेवर टेकला, गुरगुर थांबली. पुढें चाल पंचमावर येऊन थांबली, तेव्हां त्यानें हात उचलला. षड्ज आणि पंचम एकत्र वाजूं लागले, आणि त्यांच्या खालीं कोणीही न छेडलेला मंद्र षड्ज खोलींत भरला.

वडिलांनीं मान वळविली. तरुणपणीं चाळीच्या भजनी मंडळांत ते कित्येक वर्षें टाळ घेऊन बसत.

"पेटी कोणी धरली आहे रे?" त्यांनीं विचारलें.